रूळ काढले त्या वर्षी

भाच्यानं मोटार कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. "आत्या, इथंच का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले आणि उतरले. खरं तर माझी खात्री नव्हती. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधून एक गाडीवाट. राहुरीच्या पुढं, देवळालीच्या शिवारात अशा वाटा पुष्कळ आहेत. पण शिवारातल्या वाटा बांधाबांधानं वळत जातात, कुणाच्या विहिरीला वळसा घालतात, कुणाच्या आंब्याला. ही मात्र नजर पोचेल तिथवर सरळ होती आणि दोन्हीकडच्या रानापेक्षा हातभर उंच. मी चपलेच्या टोकानं माती उकरली. खाली खडी लागली, काळी आणि टोकदार. बाबांच्या माणसांनी टाकलेली.

"इथून रेल्वे जायची?" भाचा खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "एवढ्याशा वाटेवरून?"

"एवढीशीच होती ती."

कारखान्यापासून मोठ्या ठेसनापर्यंत धावायची ती. रुळांमधलं अंतर इतकं कमी, की दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून लहान मूलसुद्धा उभं राहू शके. कारखान्याची साखर पोत्यांनी ठेसनावर जायची, तिकडून कोळसा, चुना, गंधक यायचं, आणि वाटेत ठिकठिकाणी उसाचे डबे भरून लावलेले असायचे ते जोडून घ्यायचे. शेवटी एक लाकडी डबा माणसांसाठी. त्याला खिडक्या होत्या, पण तावदानं नव्हती. नगरला जायचं असो नाहीतर मनमाडला, आधी या डब्यात बसायचं, आणि उतरताना अंगावर काजळी झटकायची. बाजारच्या दिवशी कोंबड्या, बोचकी, भांडणं, सगळं त्यातच.

बाबा रुळांच्या गँगचे मुकादम होते. रोज सकाळी लांब दांड्याची हातोडी खांद्यावर टाकून ते रुळांमधून चालत जात. एकेका सांध्यावर ठोका देत आणि मान तिरकी करून ऐकत. आमचं घर पाण्याच्या टाकीजवळ. छोटं इंजिन तिथं पाणी प्यायला थांबायचं. दादा, माझा थोरला भाऊ शांतवन, त्या इंजिनावर फायरमन होता. इंजिन थांबलं की आजूबाजूच्या वस्तीवरच्या बाया हंडे, कळशा घेऊन धावायच्या. दादा खालचा नळ सोडायचा आणि फुसफुसत उकळतं पाणी यायचं. बाळंतिणीची अंघोळ, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा शेक, कुणाची गोधडी, सगळं त्या पाण्यावर. त्याला तेलाचा आणि लोखंडाचा वास यायचा. थंडीत कोवळ्या उन्हात त्या वाफेत उभं राहायला मला फार आवडायचं.

दिवाळी झाली की कारखान्याचा बॉयलर पेटायचा. मग चार-पाच महिने हवेला एकच वास. उकळत्या रसाचा, गंधकाचा, आणि खाली सगळीकडं साचलेल्या मळीचा आंबूस, जड. नवा माणूस नाकाला रुमाल लावायचा, आम्हाला तो वास थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. दांडीवरच्या धुण्यावर काळी कुसळं पडायची. आई चिडायची. तिची देवळात जायची पांढरी पातळं ती घरातच वाळवायची.

आई नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली. तिच्या आजोबांच्या वेळी घर ख्रिस्ती झालेलं; चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तिला नीट वाचता येई, नीट बोलता येई, आणि आमच्या घरात कुणी 'हाय', 'न्हाई' म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची. बाबा हसून सोडून द्यायचे. ते शेवटपर्यंत 'हाय'च म्हणाले. दादासाठी आईनं मनातल्या मनात नगरची एक नर्स पाहून ठेवली होती.

आणि दादानं ऊसतोडीच्या टोळीतली मुलगी केली.

त्यांचं कसं जुळलं ते मला कुणी सांगितलं नाही. सगुणा रोज कळशी घेऊन यायची एवढं मी पाहिलं होतं. तिच्या आईचे सांधे धरले होते, त्यांना शेकायला. पाथर्डीकडच्या कोरड्या रानातली माणसं ती. हंगामाला यायची, पाचटाच्या कोप्या करून राहायची आणि हंगाम संपला की निघून जायची. त्या वर्षी टोळी गेली आणि सगुणा राहिली. पाळकांनी लग्न लावलं. तिचा बाप देवळाच्या दारापर्यंत आला, आत आला नाही. लग्न लागल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बैलगाडीत जाऊन बसला.

आई वहिनीशी बोलायची नाही. म्हणजे भांडायचीही नाही. "तिला सांग, चुलीवरचं उतरवायला," असं मला म्हणायची, वहिनी तिथंच चुलीपुढं बसलेली असताना. वहिनी उतरवायची आणि मला विचारायची, "वन्सं, आत्याबाईंस्नी इचारा, मीठ टाकू का?" मी मध्ये उभी. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. माझा त्या घरात पाय ठरत नसे. इंजिनाची शिट्टी झाली की काहीतरी निमित्त काढून बाहेर पळायचं. छोटी गाडी ठेसनाकडं निघाली की वाटायचं, आपण हिच्यात असायला हवं होतं. ती परत आली की वाटायचं, बरं झालं गेलो नाही, पुढची गाडी धरू. मला सतत वाटायचं की कुठंतरी जायला उशीर होतोय. कुठं ते ठाऊक नव्हतं.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, बाबा एक दिवस दुपारीच घरी आले. हातोडी भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसले.

"रूळ काढायचेत," म्हणाले.

"कुठले?" आईनं विचारलं.

"समदेच. लढाईला लोखंड पायजे म्हनं. दर्यापार, बसऱ्याला न्हेनार हायेत."

आईनं त्या दिवशी त्यांची भाषा दुरुस्त केली नाही.

रूळ ज्यांनी घातले त्यांनीच काढले, कारण दुसऱ्या कुणाला ते काम येत नव्हतं. कारखान्याच्या टोकापासून सुरुवात झाली. खिळे उपसताना लाकडातून एक कर्कश आवाज निघतो. सकाळपासून तो ऐकू यायचा. उपसलेले रूळ छोट्या इंजिनामागच्या उघड्या डब्यांवर चढवायचे, इंजिन थोडं मागं सरायचं, की पुन्हा पुढचे. गाडी आपलाच रस्ता उचलून पाठीवर घेत चालली होती. दादा इंजिनावर होता, बाबा खाली. एक दिवस ती आमच्या टाकीजवळ आली. बायकांनी सवयीनं हंडे आणले. दादानं सगळ्यांना पाणी दिलं, वहिनीलाही दिलं. दुसऱ्या दिवशी इंजिन पाटाच्या पुलाजवळ होतं, मग त्याच्याही पलीकडं. शिट्टी रोज थोडी लांबून यायची. मी रोज कान देऊन ऐकायची. एक दिवस ऐकू आली नाही.

तिथं आता नुसत्या आडव्या खाचा राहिल्या होत्या, स्लीपर काढल्याच्या. पावसात त्या पाण्यानं भरल्या आणि बेडूक ओरडायला लागले.

बाबांना कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याचं काम मिळालं. दादाला काहीच मिळालं नाही. तो दिवसभर घराभोवती फिरायचा, विहिरीवर जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. मग एकदा नगरला गेला आणि रेल्वेच्या पलटणीत नाव घालून आला.

"रूळ जात्यात तिकडंच चाललोय," तो वहिनीला हसत म्हणाला. "वळखीचे भेटले तर सांगंन तुझा निरोप."

वहिनी हसली नाही. त्याच्या सदऱ्याचं एक बटण ती पुन्हापुन्हा घट्ट करत राहिली. ते बटण सैल नव्हतं.

तिकडून कार्डं यायची. दोन-चार ओळी, कुठं आहे ते नसायचंच. एक हिवाळा आली. उन्हाळ्यात यायची थांबली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, बॉयलर पेटला. ऊस आता बैलगाड्यांनी यायचा. त्यांची रांग पहाटेपासून फाटकापर्यंत लागायची, धुळीचा नुसता लोट. वहिनी पाणी भरायची, दळायची, सारवलेलं पुन्हा सारवायची. बसलेली मी तिला पाहिलीच नाही. सांजेला ती रुळांच्या उंचवट्यावर जाऊन उभी राहायची आणि ठेसनाच्या दिशेनं बघायची, जिथून आता काहीच यायचं नव्हतं. आई घरातून तिच्याकडं बघायची. मला म्हणायची, "तिला सांग, थंडी आहे."

त्या हंगामात तिच्या माहेरची टोळी आमच्या शिवारात आली. वहिनी आईबापांना भेटायला म्हणून कोप्यांवर गेली. रात्री आली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा बाप गेनुबा आमच्या दारात आला. बाबांपुढं उकिडवा बसला आणि जमिनीकडं बघत बोलला.

"पावनं, तुमचा ल्योक गेला त्याला लई दीस झालं. खबर न्हाई, बात न्हाई. पोर तरनी हाय. आमच्यात दुसरं घर करून द्येत्यात. हंगाम उलगला की मी तिला घिऊन जातो."

"तिचं काय म्हननं हाय?" बाबांनी विचारलं.

"ती काय म्हननार. रडती नुसती."

बाबांनी आईकडं पाहिलं. आई आत निघून गेली. गेनुबा थोडा वेळ बसला आणि गेला. मला वाटलं, आईला हे हवंच होतं. मला तिचा राग आला होता आणि तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. मी सबंध दिवस घर ते टाकी, टाकी ते घर अशा फेऱ्या मारल्या.

तिसऱ्या दिवशी चार वाजायच्या सुमाराला आईनं देवळात जायचं पांढरं पातळ नेसलं. "चल," मला म्हणाली.

आम्ही रुळांच्या वाटेनंच गेलो. आई भरभर चालायची. खडीवरून चालताना तिची चप्पल तुटली, ती तिनं काढून हातात घेतली. अनवाणीच चालत राहिली. कोप्यांवर पोचलो तेव्हा माणसं नुकतीच तोडीवरून परतत होती. चुली पेटत होत्या. उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या वाढ्यांचा, धुराचा, भाजणाऱ्या बाजरीचा वास. उसाच्या पात्यांनी सगळ्यांचे हात चिरलेले. आईला पाहून बोलणी थांबली. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"बसा, इहीनबाई," गेनुबा म्हणाला. त्यानं पोतं अंथरलं. आई पांढऱ्या पातळासकट त्या पोत्यावर बसली. मला वाटलं, आता ती बोलेल. बोर्डिंगात शिकलेली, देवळात बायकांना उभं राहून बोध करणारी माझी आई. ती काहीच बोलेना. बैल रवंथ करत होते, कुणाचं तरी मूल खोकत होतं. वेळ जात होता.

शेवटी वहिनीच्या आईनं, सांधे धरलेल्या त्या बाईनं, एक भाकरी आणि वर लाल मिरचीचा ठेचा आईच्या हातावर ठेवला. ठेवताना तिचा हात थबकला. ही बाई आपलं खाते की नाही, असं तिच्या मनात आलं असावं. आईनं मोठा घास तोडला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात घातला.

आमच्या घरात तिखट कधीच नसायचं. आईला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, चेहरा लाल झाला, तरी ती घास गिळायला बघत होती. वहिनी पिठाच्या हातानंच उठली, तांब्या घेऊन धावली.

"आत्याबाई, पानी. पानी घ्या."

आईनं तांब्या घेतला, प्यायली, आणि अजून खोकत असतानाच म्हणाली, "पाणी म्हण. पाणी."

वहिनी बघतच राहिली. अडीच वर्षांत आई तिच्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द. मग वहिनी हसायला लागली. रडतच होती, आणि हसत होती. "पाणी," ती म्हणाली. नाकात म्हटल्यासारखं निघालं ते. आईनं मान हलवली. "पुन्हा म्हण." वहिनीनं पुन्हा म्हटलं. गेनुबा दोघींकडं आलटून पालटून बघत होता.

"मी तुम्हाला अडवायला आले नाही, भाऊ," आई त्याला म्हणाली. "तिला जायचं असेल तर जाऊ दे. पण आमच्याकडं राहायचं असेल तर मुलगा आला तरी आणि न आला तरी, ते घर तिचं आहे. एवढंच सांगायला आले." आणि उरलेली भाकरी तिनं संपवली. सबंध. ठेच्यासकट.

गेनुबानं बराच वेळ तंबाखू मळली. "पोरीला इचारा," म्हणाला.

कुणी विचारलं नाही. वहिनीनं तव्यावरची भाकरी उतरवली, आईच्या पायांशी बसून हात धुतले आणि तुटलेली चप्पल उचलून घेतली. आम्ही तिघी परत निघालो. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी वहिनी मला म्हणाली, "गाठोडं बांधून ठिवलं हुतं मी, वन्सं. बापासंगं जायाचं ठरलंच हुतं. पर त्या ठसक्यानं समदं इस्कटलं."

पण परत आल्यावरही ती स्वस्थ बसली नाही. "नुसती वाट बघत ऱ्हाईले तर मी येडी हुईन," असं ती आईला सरळ म्हणाली. आईनं तिला अक्षरं शिकवायला घेतली. दुपारी दोघी ओट्यावर, मध्ये पाटी. वाचता यायला लागल्यावर आई तिला घेऊन कारखान्याच्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, ही माझी सून, हिला काम शिकवा. मलमपट्ट्या गुंडाळण्यापासून वहिनीनं सुरुवात केली.

दादाची खबर त्यानंतर कितीतरी दिवसांनी आली. तो आजारी होता, कुठल्या तरी लष्करी इस्पितळात, आणि हाताला कंप असल्यानं लिहीत नव्हता. लढाई संपल्यावर एका दुपारी तो ठेसनावरून चालत आला, त्याच वाटेनं. वाळलेला, उन्हानं काळा पडलेला. वहिनी दवाखान्यातून पळत आली तेव्हा तिच्या हातात पट्टीचं भेंडोळं होतं. ते अर्ध्या रस्त्यात उलगडलं आणि धुळीत लोळत राहिलं.

दादा आला, पण थांबला नाही. त्याला झोप लागायची नाही. इथं गाडीचा आवाज नाही, म्हणायचा. टाकीखाली जाऊन उभा राहायचा, तिथं आता टाकीही गळकी झाली होती. वर्षभरात त्यानं मोठ्या रेल्वेत मनमाडच्या शेडमध्ये काम मिळवलं. वहिनीला मी विचारलं, "दवाखान्याचं काय करणार?" ती ट्रंक बांधत होती. "दवाखाना तितंबी आसंल," म्हणाली, आणि आईकडं बघून, "तिथंही असेल."

मीही जाणार होते. मनमाडला, पुण्याला, कुठंतरी. दरवर्षी ठरवायची. मग कारखान्याच्या शाळेत मास्तरीण झाले, आणि पुढं बाबांचं जेवणखाण होतं.

"आत्या, एक विचारू?" भाचा आता मोटारीतून उतरून माझ्याजवळ आला होता. खडीचा एक तुकडा त्यानं उचलून पाहिला आणि टाकून दिला. "आजी आमच्याकडंच कशी राहिली? परत का नाही आली इथं?"

"तुझ्यामुळं," मी म्हणाले. तो हसला. पण खरंच होतं ते.

त्याच्या वेळी आई वहिनीच्या बाळंतपणाला म्हणून मनमाडला गेली. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मी तिला आणायला गेले. रेल्वेचं क्वार्टर, दोन खोल्या, दाराशी कोळशाची धूळ, दिवसरात्र इंजिनांचा धडधडाट. आई पाय पसरून बसली होती आणि पायांवर पालथं घातलेल्या बाळाच्या पाठीला तेल चोळत होती. अंगावर साधं, मळकं लुगडं. वहिनी रेल्वेच्या इस्पितळात जायला निघाली होती, पांढरा एप्रन बांधत काहीतरी सांगत होती, आणि आई मोठ्यानं हसत होती. इतकं मोठ्यानं हसताना मी तिला आमच्या घरी कधी ऐकलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले.

चार दिवस राहिले. निघायच्या दिवशी आईचं गाठोडं बांधलेलं नव्हतं.

"सगुणाची ड्यूटी असते," ती बाळाच्या टाळूला तेल लावत म्हणाली. "ह्याला कोण बघणार? तू जा. बाबांना सांग, पाऊस पडायच्या आत येते."

"येशील ना?"

"येते म्हटलं ना."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मला कळलं. वहिनी मला पोचवायला स्टेशनपर्यंत आली, खिडकीशी उभी राहिली. तिलाही कळलं होतं. गाडी सुटली तेव्हा तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिला थोडं धावावं लागलं.

आमच्या ठेसनावर उतरले तेव्हा ऊन कलत होतं. बैलगाडी मिळाली असती, पण थांबले नाही. रुळांच्या वाटेनं चालायला लागले. बॉयलर बंद होता, हवेला कसलाच वास नव्हता. तोडलेल्या उसाचे खुंट, वाळलेलं पाचट, आणि पाटाचं पाणीही बंद. मी भरभर चालत होते. बाबांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. बाळ अशक्त आहे, वहिनीला सुट्टी नाही, पावसाच्या आत नक्की येणार. सगळं जुळवून झालं तरी पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहत होते.

बाबा ओट्यावर बसले होते. अंगणात सडा मारलेला. त्यांना कधी मारता यायचा नाही, एकीकडं चिखल आणि एकीकडं कोरडं. चुलीवर भात शिजत होता, तिघांना पुरेल एवढा. मला पाहून ते उठले. माझ्या मागं, वाटेवर, त्यांनी एकदा नजर टाकली, अगदी लांबवर, आणि मग पिशवी माझ्या हातातून घेतली.

"गाडी येळंवर हुती का?" त्यांनी विचारलं.

"होती," मी म्हणाले.